चौघांची थाळी, एका तासाचा हिशेब

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वडगाव मावळला ‘शिवराज’ नावाचं हॉटेल आहे. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या ‘बुलेट थाळी’ची बातमी देशभर पोचली. सुमारे चार किलोंची मांसाहारी थाळी एकट्याने तासाभरात संपवायची आणि बुलेट मोटारसायकल घेऊन घरी जायचं, अशी ती पैज होती. त्याच हॉटेलची ‘रावण थाळी’ मात्र चौघांसाठी होती. साधारण आठ किलो अन्न चौघांनी मिळून साठ मिनिटांत संपवलं, तर पाच हजार रुपये बक्षीस आणि बिल माफ. बकासुर, बाहुबली, पैलवान, सरपंच अशा नावांच्या थाळ्या राज्यभरातल्या ढाब्यांच्या फलकांवर दिसतात. आखाडातल्या रविवारी मित्रांचा एखादा गट तरी ‘चला, या वेळी घेऊनच बघू’ म्हणत निघतोच.

पैजेचं जेवण आपल्याकडे नवीन नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेब्यांची, लाडवांची, बासुंदीच्या वाट्यांची पैज लागायची. सगळी पंगत हात थांबवून बघत बसायची आणि वाढपी ‘अजून एक, अजून एक’ करत पुढे उभा असायचा. पण त्या पैजेत एकच माणूस खायचा आणि बाकीचे बघायचे. चौघांच्या थाळीचा डाव वेगळा असतो. इथे सर्वांत मोठ्या पोटाचा माणूस जिंकून देत नाही. नीट वाटणी करणारा, एकमेकांकडे लक्ष देणारा आणि वेळेवर ‘बास’ म्हणू शकणारा गट जिंकतो. अशा डावाला बसायचं असेल तर तयारी कशी करावी, तासभर काय करावं आणि कुठे थांबावं, हे या लेखात क्रमाने पाहू.

आधी आकडे बघा

आठ किलो भागिले चार म्हणजे माणशी दोन किलो. साठ मिनिटांनी भागलं तर मिनिटाला साधारण तेहेतीस ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मध्यम घास. आकडा सोपा वाटतो, पण पहिल्या मिनिटाचे दोन घास आणि पन्नासाव्या मिनिटाचे दोन घास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रौढ माणसाच्या पोटात सहजपणे एक ते दीड लिटर अन्नपाणी मावतं. त्याहून जास्त गेलं की पोट ताणतं, पण प्रत्येकाचं सारखं ताणत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत सगळ्यांनाच आपण जिंकणार असं वाटतं आणि पंचविसाव्या मिनिटाला दोघे जण अचानक गप्प होतात. हे होणारच, हे आधीपासून ठाऊक असलं की गट बिथरत नाही.

दोन किलोंत हाडं धरली आहेत का, रस्सा धरला आहे का, हे मात्र विचारलंच पाहिजे. मटणाच्या तुकड्यांत हाडाचं वजन बरंच असतं. आठ किलोंच्या थाळीत प्रत्यक्ष पोटात जाणारं अन्न किती, यावर सगळा हिशेब बदलतो.

फोन करून विचारायच्या गोष्टी

हॉटेलचे नियम बदलत असतात. योजना बंद होते, थाळीतले पदार्थ बदलतात, बक्षीस बदलतं. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून पुढच्या गोष्टी विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

१. थाळी किती किलोंची, किती जणांसाठी आणि वेळ किती?
२. वेळ कधी सुरू होते? थाळी टेबलावर आल्यावर, की पहिल्या घासाला?
३. ‘संपली’ म्हणजे नेमकं काय? रस्स्याच्या वाट्या कोरड्या लागतात का? नळीतला मगज सोडला तर चालतो का? भाकऱ्या आणि भात दोन्ही संपवावे लागतात का?
४. मध्ये उठता येतं का? उलटी झाली तर डाव बाद धरतात का?
५. हरलो तर पूर्ण बिल द्यायचं का, आणि ते किती?
६. उरलेलं अन्न पार्सल करून देतात का?
७. आधी सांगावं लागतं का? इतकी मोठी थाळी ऐन वेळी तयार होत नाही.

पाचवा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि नंतर गल्ल्यासमोर चेहरे पडतात. हरल्यावरची रक्कम चौघांत सारखी वाटायची, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाका. बक्षिसाचाही हिशेब करून बघा. पाच हजार रुपये चौघांत वाटले तर वाट्याला साडेबाराशे येतात. त्यातून पेट्रोल आणि टोल वजा केला की फारसं काही उरत नाही. तेव्हा बक्षिसासाठी जाऊ नका. एका थाळीभोवती चौघांनी मिळून काही तरी करण्यासाठी जा.

कोणी बसू नये

हा भाग घाईने वाचू नका. मधुमेह, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, पित्ताशयातले खडे, अल्सर, हर्निया यांपैकी काही असेल, किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पैजेला बसू नये. एकदम खूप तेलकट आणि मसालेदार जेवण पोटात गेलं की हृदयावरचा ताण वाढतो आणि पित्ताशयाचं दुखणं उफाळून येऊ शकतं. गरोदर बायका, अठरा वर्षांखालची मुलं आणि गिळताना ठसका लागण्याची सवय असलेली वडीलधारी मंडळीही या डावात नकोत. मासे, कोळंबी, शेंगदाणे, तीळ यांची ॲलर्जी असणाऱ्याने मोठ्या थाळीपासून लांबच राहावं, कारण एकाच पळीने सगळं वाढलं जातं. ज्याचं खाण्याशी नातं आधीच बिनसलेलं आहे, जो कधी उपाशी राहतो आणि कधी स्वतःला विसरून खातो, त्याला तर चेष्टेतही या डावात ओढू नका.

असा माणूस गटात असेल तर त्याला पाचवा गडी करा. वेळ बघणं, नियम सांभाळणं, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर लक्ष ठेवणं आणि परतीची गाडी चालवणं, ही कामं खाण्याइतकीच महत्त्वाची आहेत. पाचव्या गड्याशिवाय डाव मांडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने आपलं साधं जेवण वेगळं मागवावं आणि त्याचे पैसे चौघांनी द्यावेत.

आदल्या दिवसापासून

आदल्या दिवशी उपास करू नका. दिवसभर रिकामं राहिलेलं पोट पित्ताने जळत असतं आणि भुकेला माणूस पहिले घास न चावता गिळतो. आदल्या रात्री नेहमीसारखं पण हलकं जेवा, जसं वरण-भात, भाकरी आणि पालेभाजी. सकाळी पोहे किंवा इडलीसारखं थोडं खा. दुपारपर्यंत पाणी नेहमीसारखं प्या आणि जेवणाच्या तासभर आधी कमी करा.

पोट ताणण्यासाठी लिटर-लिटर पाणी पिण्याचा सराव करायचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. थोड्या वेळात खूप पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. त्यातून भ्रम, झटके आणि मृत्यूही येऊ शकतो. पैजेचं जेवण हाच व्यवसाय असलेल्या खेळाडूंबाबतही डॉक्टरांना चिंता वाटते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा एका खेळाडूच्या पोटाची क्ष-किरण तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. त्याच्याबरोबर तपासलेला सामान्य माणूस सात हॉट डॉग खाऊन थांबला. खेळाडूने दहा मिनिटांत छत्तीस खाल्ले, आणि त्याचं पोट सैल पिशवीसारखं फुगलेलं, जवळपास हालचाल न करणारं दिसलं. अशी सवय वर्षानुवर्षं राहिली तर पोट रिकामं होण्याची क्रियाच बिघडू शकते, असा इशारा त्या डॉक्टरांनी दिला. न्यूयॉर्कच्या हॉट डॉग स्पर्धेत २००१ साली बारा मिनिटांत पन्नास हॉट डॉग खाऊन नाव कमावलेल्या ताकेरू कोबायाशी याने २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर केली, तेव्हा स्वतःला भूक लागत नाही असं त्याने सांगितलं होतं. आपल्याला तिकडे जायचं नाही. आपला डाव वर्षातून एखादा, मित्रांबरोबरचा आणि पोट ताणण्याच्या सरावाशिवायचाच बरा.

दुपारची वेळ निवडा. रात्री नऊला एवढं जेवून अकराला आडवं झालं की सगळं घशाशी येतं. गटारीच्या आधीचा शनिवार-रविवार टाळा. त्या दोन दिवसांत भटारखान्यावर इतका ताण असतो की थाळी उशिरा येते आणि कुणाचंच लक्ष जागेवर राहत नाही. सैल कपडे घाला. दारू आणि थंड पेयं दोन्ही वर्ज्य. दारूने पोटाचे इशारे बोथट होतात आणि गिळण्याचं भान सुटतं. सोड्याच्या वायूने विनाकारण जागा अडते.

थाळी समोर आल्यावर

पहिली गोष्ट म्हणजे, मोठ्या थाळीत कुणी हात घालायचा नाही. प्रत्येकाला वेगळं ताट आणि दोन वाट्या मागा. थाळीतून पळीने आपल्या ताटात वाढून घ्या. याचा फायदा असा की थाळीतलं उरलेलं अन्न उष्टं होत नाही. डाव हरलात तरी ते स्वच्छ पार्सल होतं आणि घरी चार माणसं जेवतात. शिवाय कोण किती खातोय, ते समोर दिसतं.

दुसरी गोष्ट वाटणीची. चौघांना सगळं सारखं वाटू नका. निघतानाच प्रत्येकाने सांगावं, ‘मला हे जास्त वेळ खाता येतं आणि ते अजिबात नको.’ कोकणातला मित्र काटे सोडवण्यात तरबेज असेल, तर मासे त्याच्याकडे. सोलापूरकडच्याला कडक भाकरी सवयीची, तर भाकरीचा जास्त वाटा त्याचा. कुणाला सुकं मटण चालतं पण भात नकोसा होतो. कुणी बिर्याणीवर तासभर टिकतो. अशा वाटणीत कुणाच्या वाट्याला अडीच किलो येतील आणि कुणाच्या दीड. त्यात कमीपणा नाही. आपल्या पद्धतीचं जेवण मुळातच वाटून खायला सोपं आहे, कारण एका ताटात कोरडं, रश्श्याचं, आंबट आणि तिखट असं सगळं असतं. त्याचा फायदा घ्या.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि इथे स्वयंपाकातलं ज्ञान कामी येतं. मटणाची चरबी बोकडाची असो वा मेंढीची, ती थंड झाली की लवकर थिजते. ओठांना आणि टाळूला तिचा थर बसला की पुढचा घास नकोसा होतो. म्हणून सुकं मटण, खिमा आणि तांबडा रस्सा गरम असतानाच पुढे घ्या. तळलेली सुरमई किंवा पापलेट पहिल्या दहा मिनिटांत संपलं पाहिजे, नंतर ते मऊ आणि तेलकट होतं. तंदुरी कोंबडी कोमट झाली तरी खाता येते, तेव्हा ती मागे ठेवा. बिर्याणीचा ढीग आतून बराच वेळ गरम राहतो, म्हणून ती शेवटच्या अर्ध्या तासासाठी.

भाकरीबद्दल दोन शब्द. ज्वारी-बाजरीच्या भाकरीने पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, म्हणून ती सुरुवातीलाच संपवायची घाई करू नका. रश्श्यात कुस्करून खाल्ली की घास सहज उतरतो आणि कोरड्या भाकरीने घसा कोरडा पडत नाही. पण कुस्करलेला काला न चावता गिळायचा मोह होतो, तो टाळा. भात इंद्रायणीचा असेल तर तो मऊ, चिकट आणि सुवासिक असतो. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा वाण मावळातच घराघरांत रुजला. गरम असताना तो लगेच खाली उतरतो, गार झाला की त्याचा गोळा होतो. तेव्हा भात थोडा थोडा आणि गरमच मागा.

तासाची आखणी

पहिली पंधरा मिनिटं मासे, सुकं मटण आणि खिमा, म्हणजे जे गरम असतानाच चांगलं लागतं ते. वेग बरा ठेवा, पण प्रत्येक घास चावून घ्या. हाडांचा ढीग वेगळ्या ताटात ठेवा. कुणाच्या ताटात हाड लपून राहिलं तर तेच घशात अडकतं.

पंधरा ते पस्तीस मिनिटं रस्सा, भाकरी आणि अंडाकरी. याच वेळी पोट भरल्याचा निरोप येऊ लागतो. पाचव्या गड्याने विसाव्या मिनिटाला प्रत्येकाला नावाने विचारावं, ‘कसं वाटतंय?’ उत्तर फक्त तीन प्रकारचं असावं: ‘ठीक’, ‘हळू’ किंवा ‘बास’. ‘बास’ म्हटलं की तो माणूस उठला. त्याच्यावर प्रश्न नाही, त्याची चेष्टा नाही.

पस्तीस ते पन्नास मिनिटांत चव बदला. एकच चव सतत चालू राहिली की तिचा कंटाळा आधी येतो आणि पोट नंतर भरतं. तेच पोट वेगळ्या चवीला मात्र अजून जागा देतं. जेवणावर पोट भरलेला माणूस गुलाबजामला नाही म्हणत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून ताटांची अदलाबदल करा. मटण खाणाऱ्याने तंदुरी घ्यावी, भाकरीवाल्याने बिर्याणी. मध्ये दही-कांदा, लिंबाची फोड आणि सोलकढीचे दोन घोट. तिखटाने तोंड पोळलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला दाहक घटक पाण्यात विरघळत नाही, उलट पाण्याबरोबर तोंडभर पसरतो. दह्याने किंवा नारळाच्या दुधाच्या सोलकढीने तो उतरतो. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचाच असतो, तोही वाटीभर शेवटासाठी राखून ठेवता येतो.

शेवटची दहा मिनिटं सर्वांत धोक्याची. विजय जवळ दिसतो, आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक ओरडत असतात आणि हात आपोआप भराभर चालू लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात ओणमच्या इडली खाण्याच्या स्पर्धेत एका माणसाचा इडली घशात अडकून मृत्यू झाला. इडलीइतका मऊ पदार्थही घाईने जीव घेऊ शकतो. त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांचा नियम एकच: पहिला घास गिळून झाल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. थाळी संपणार नसेल तर न संपू दे.

आग्रह घरी ठेवून या

आपल्या जेवणात आग्रह मुरलेला आहे. ‘अजून एक घे, माझी शपथ’ यात माया असते. पण पैजेच्या टेबलावर हाच आग्रह घातक ठरतो. मित्राचा चेहरा पडलेला दिसतो, तो पोटावर हात ठेवतो, तरी तिघे जण त्याला ‘चल रे, दोनच घास’ म्हणत राहतात. त्यालाही वाटतं की आपल्यामुळे सगळ्यांचा डाव जाऊ नये. एरवी शहाणी असलेली माणसंही अशा वेळी स्वतःचं ऐकत नाहीत.

म्हणून निघण्यापूर्वी चौघांनी एक कबुली द्यायची: मी कुणाच्याही ताटात त्याला न विचारता वाढणार नाही आणि ‘बास’ म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणार नाही. ही कबुली नियमांच्या कागदावर सर्वांत वर लिहा. जो गट आग्रह सोडतो, त्याच्यातली माणसं खोटं बोलत नाहीत. माझं पोट भरलं हे वेळेवर कळलं, तर उरलेले तिघे वाटणी बदलू शकतात. तेच लपवून ठेवलं तर पंचावन्नाव्या मिनिटाला एकाच्या ताटात अर्धा किलो अन्न पडून असतं आणि बाकीचे हात धुऊन बसलेले असतात. तेव्हा खरं बोलण्याची मुभा ही मायेची गोष्ट तर आहेच, पण डाव जिंकायची युक्तीही तीच आहे.

घास अडकला तर

खोकणाऱ्या माणसाला खोकू द्या. तो बोलू शकतोय, खोकू शकतोय, म्हणजे श्वास चालू आहे. त्याला पाठीत बुक्के मारू नका आणि पाणी पाजू नका. पण आवाजच फुटत नसेल, खोकता येत नसेल, हात गळ्याकडे जात असतील, तर एक क्षणही घालवू नका. त्याला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळाने पाच जोरदार थापा मारा. घास निघाला नाही तर मागून कमरेला मिठी मारा. एक मूठ बेंबीच्या थोडी वर ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत-वर असे पाच झटके द्या. घास निघेपर्यंत पाच थापा आणि पाच झटके आळीपाळीने चालू ठेवा. दिसत नसलेला घास बोट घालून काढायचा प्रयत्न करू नका, तो आणखी खाली जातो. एकाने लगेच १०८ ला फोन लावावा. माणूस बेशुद्ध पडला तर त्याला जमिनीवर उताणं ठेवा, छाती दाबण्याचा उपचार सुरू करा आणि मदत येईपर्यंत थांबवू नका. असे झटके बसलेल्या माणसाला घास निघाला तरी डॉक्टरांना दाखवून घ्या.

ही कृती निघण्यापूर्वी पाचही जणांनी समजून घ्या. पाच मिनिटांत समजते.

छातीत दुखणं, दरदरून घाम, श्वास लागणं, पोट दगडासारखं कडक होणं, थांबत नसलेली उलटी किंवा बोलण्यात गोंधळ, यांपैकी काही दिसलं तर डाव तिथेच संपला. ते अजीर्ण आहे असं समजून वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा.

शेवटचा घास झाल्यावर

थाळी संपो वा न संपो, लगेच गाडीत बसू नका. अर्धा तास सरळ बसा, मग हॉटेलच्या आवारात हळूहळू फेऱ्या मारा. गाडी पाचवा गडीच चालवील. एवढ्या जेवणानंतर डोळे जड होतात आणि घाटात एक डुलकीही महाग पडते. दोन-तीन तास आडवे होऊ नका. पाणी घोटाघोटाने प्या. ढेकर येण्यासाठी सोडा किंवा पचावं म्हणून पेलाभर लस्सी, दोन्ही नको. रात्री भूक नसेल तर जेवू नका, असेल तर पातळ ताक आणि मऊ खिचडी. दुसऱ्या दिवशी स्वतःला उपाशी ठेवू नका, नेहमीचं जेवण चालू करा.

उरलेलं अन्न पार्सल करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मासे आणि कोळंबीच्या बाबतीत तर कधीच ढिलाई नको. आठ किलोंच्या थाळीमागे भटारखान्यातल्या माणसांचे कित्येक तास असतात. भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे हात त्यात असतात. त्यातला एक घासही कचऱ्यात जाऊ नये. जिंकलात तर वाढप्याला आणि भटारखान्याला बक्षिसातला वाटा द्या. हरलात तरी दाद द्यायला विसरू नका.

शाकाहारी गटांसाठी

मिसळीची, शेवभाजीची किंवा पुरणपोळ्यांची पैज मांडली तरी हेच नियम. फक्त क्रम बदलतो. मिसळीत फरसाण रश्श्यात भिजून फुगतं, म्हणून ताटात थोडं थोडं घाला. तर्री आधी चाखून बघा, कारण शेवटी गटाला तिखटच हरवतं. पाव कोरडा गिळू नका, तो घशात गोळा होऊन बसतो. पुरणपोळीत गोडाचा कंटाळा लवकर येतो. तिथे कटाची आमटी आणि लिंबाचं लोणचं हेच चव बदलायचं साधन. पैज घरी किंवा शेतावर मांडत असाल तर वेळेचं बंधन काढून टाका. चौघांनी मिळून एक परात पुरवून पुरवून संपवली, तरी त्यात तेवढीच गंमत असते.

जिंकलं कोण

डाव संपल्यावर घड्याळाकडे बघण्याआधी गटाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. चौघेही आपल्या पायांनी चालत बाहेर आले का? ज्याने ‘बास’ म्हटलं, त्याचं म्हणणं न टोचता सगळ्यांनी मान्य केलं ना? उरलेलं अन्न कुणाच्या तरी पोटात जाणार आहे ना? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर थाळीत अर्धा किलो उरला तरी तुम्ही डाव नीट खेळलात. त्यातलं एक जरी ‘नाही’ असेल, तर भिंतीवर फोटो लागला तरी पुढच्या वेळी नियमांचा कागद बदलून घ्या. आणि हा कागद आजच लिहायला घ्या. आपापली मर्यादा सांगायला भूक लागलेली नसतानाची वेळच सर्वांत चांगली.